मेलेल्या मेंढीचा भाव

चाकणचा शनिवारचा गुरांचा बाजार तिथल्या कारखान्यांपेक्षा जुना आहे. खेड बाजार समितीच्या आवारात सकाळपासून टेम्पो लागतात. गाभण म्हशीची कास चाचपून बघतात, बैलाचे दात मोजतात, शेळीच्या कमरेवर हात दाबून अंगावर मांस किती आहे याचा अंदाज घेतात. जिवंत जनावराची किंमत इथे ठरते. घेणारा आणि विकणारा समोरासमोर असतात आणि पटलं नाही तर विकणारा आपलं दावं धरून घरी जाऊ शकतो.

मेलेल्या जनावराची किंमत या आवारात ठरत नाही. ती मंत्रालयात ठरते. ती ठरवताना जनावर कसं होतं, किती दूध देत होतं, हे नंतर येतं. ते कोणी मारलं, हे आधी विचारलं जातं. बिबट्याने मारलेली मेंढी, अवकाळी पावसात गारठून मेलेली मेंढी आणि मोकाट कुत्र्यांनी फाडलेली मेंढी एकाच कळपातल्या, एकाच वयाच्या असल्या तरी सरकारी दप्तरात त्यांचे भाव वेगवेगळे आहेत. तिसरीला तर भावच नाही. हे असं का झालं, याचा इतिहास पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात फार स्पष्ट दिसतो.

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून नाशिक फाट्याला आलं की तो भाग सुरू होतो: भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. वल्लभनगर आगारातून या रस्त्याने जाणाऱ्या एसटीत आजही जुन्नर-आंबेगावची माणसं भेटतात. त्यांच्यातली कित्येक घरं एक पाय कारखान्यात आणि एक पाय गोठ्यात ठेवून जगली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि बघता बघता पिंपरी-भोसरीची शेतं आणि चराऊ रानं कुंपणांच्या आत गेली. चाकणची पाळी पुढे आली. जमिनीच्या मालकाला जमिनीचा मोबदला मिळाला. त्या रानात शेरडं चारणाऱ्याच्या नावावर मुळात जमीनच नव्हती, म्हणून त्याचं काय गेलं ते कुठल्याच यादीत आलं नाही. जनावर पाळणाऱ्याचं नुकसान सरकारला दिसायचं असेल तर त्याला आधी सरकारच्या एखाद्या रकान्यात बसावं लागतं, हे इथे पहिल्यांदा लक्षात येतं.

इंग्रजी अमदानीत रकाना अगदी वेगळा होता. तेव्हा जनावर गमावणाऱ्याला पैसे मिळत नसत. जनावर मारणाऱ्या श्वापदाला जो मारील त्याला मिळत. वाघ, बिबटे, लांडगे यांच्यावर सरकारी इनामं लावलेली असत आणि मारलेल्या प्राण्याचा पुरावा कचेरीत दाखवून ती घेता येत. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला हिशेब अंगावर येतो: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८०,०००हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. लांडग्यांचा आकडा सर्वांत मोठा आहे. दख्खनच्या माळावरच्या मेंढपाळाचा खरा वैरी लांडगाच होता. पण इनामाच्या धोरणामागे मेंढपाळाची कणव होती असं मानायचं कारण नाही. शेती वाढावी, सारा वाढावा, रान मोकळं व्हावं, हा हेतू होता. मेंढी गेली ती गेलीच.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही सगळी मांडणी उलटी झाली. ज्या प्राण्याला मारल्याबद्दल आजोबांना इनाम मिळालं असतं, त्यालाच मारल्याबद्दल नातवाला तुरुंगवास होऊ शकतो अशी स्थिती आली. बिबट्या आज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. तो नसता तर सह्याद्रीत आज फारसं काही उरलं नसतं. पण कायद्याने पशुपालकाच्या हातातली बंदूक, सापळा, विष हे सगळं काढून घेतलं. ज्याचं रक्षण सरकार करतं त्याने केलेलं नुकसान सरकारने भरून द्यावं, हा विचार तिथूनच पुढे येतो. म्हणूनच भरपाईच्या नियमांत एक अट ठळकपणे आली: जनावर मारलं गेलं त्या परिसरात त्या दिवसांत एखादा वन्यप्राणी विषबाधेने मेलेला नसावा. मेलेल्या शेळीवर विष टाकून बिबट्या परत येण्याची वाट बघणं सोपं असतं. ते करू नये, यासाठी सरकार पैसे मोजतं.

जुन्नरला या व्यवहाराची खरी परीक्षा झाली. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कालवे निघाले आणि जिरायत रानात ऊस उभा राहिला. विघ्नहर, भीमाशंकर हे साखर कारखाने आले. उंच, दाट, बारमाही ओला ऊस बिबट्याला लपायला आणि पिल्लं घालायला जंगलाइतकाच चांगला. खायला वस्तीवरची कुत्री, डुकरं, शेरडं, वासरं होतीच. उसातच जन्मून उसातच मोठी झालेली बिबट्यांची पिढी तयार झाली. त्यांना जंगलातून भरकटून आलेले म्हणणं चुकीचं होतं, पण त्या काळी सगळे तसंच म्हणत.

फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यात धरून आसपासच्या जंगलांत, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर, सोडायचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. गावकऱ्यांची मागणीच तशी होती. पिंजरा लावला म्हणजे सरकार काहीतरी करतंय असं दिसे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा नंतर बारकाईने अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर ते वर्षाला सरासरी १७ झाले आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. ओळखीच्या रानातून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलेला, बावरलेला प्राणी माणसाला अधिक धोकादायक ठरला. त्या तीन वर्षांत जुन्नर, आंबेगाव, खेडच्या वस्त्यांवर भीती पसरली. २००२ साली माणिकडोहला बिबट निवारा केंद्र सुरू झालं, ते या भीतीतूनच.

मला या इतिहासातून जे उमगतं ते असं. त्या काळात पिंजऱ्यावर आणि माणसांवरच्या हल्ल्यांवर सगळं लक्ष गेलं, ते स्वाभाविक होतं. पण बिबट्याशी रोजचा संबंध येत होता तो शेळीच्या, वासराच्या मरणातून. हल्ल्याची बातमी एखाद्या वस्तीवर येई. शेळी मात्र कुठल्या ना कुठल्या वस्तीवर रोज जात होती. ज्या बाईची एकुलती एक दुभती शेळी गेली तिला वेळेवर आणि पुरते पैसे मिळाले असते तर पिंजऱ्याची मागणी इतक्या जोराने आली असती का? सगळी नाही, पण बरीचशी मागणी थांबली असती असं मला वाटतं. मनात राग धुमसत असताना पंचनाम्याला कोणी आलं नाही, तर माणूस पिंजराच मागणार.

पंचनामा कसा होतो, हे ज्यांच्या गोठ्यात झालाय त्यांनाच ठाऊक असतं. सकाळी दावणीला वासरू नसतं, फरफटल्याची खूण उसाकडे जाते. मालकाने ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवायचं. मढं जागेवरून हलवायचं नाही. वनरक्षक किंवा वनपाल येतो. मानेवरचे सुळ्यांचे व्रण, आसपासचे पंजे बघतो, फोटो घेतो, पंचांच्या सह्या घेतो. पशुधन विकास अधिकारी जनावर तपासून मृत्यूचं कारण आणि बाजारभाव लिहून देतो. कागद वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जातात आणि मंजुरीनंतर पैसे बँक खात्यात येतात. या साखळीतला प्रत्येक माणूस प्रामाणिक असला तरी ती लांब आहे. उन्हाळ्यात मढं एका दिवसात फुगतं, कुत्री ओढतात. बिबट्याने शेळी उसात ओढून नेली आणि पुरती खाल्ली तर तपासायला उरतं तरी काय? त्या मालकाचं नुकसान कमी नसतं, त्याचा पुरावा कमी असतो.

दर किती? ऑगस्ट २०२२च्या शासन निर्णयाने गाय, म्हैस, बैल यांच्या मृत्यूसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम ठरली. आधी ही मर्यादा ६०,००० होती. मेंढी, शेळी आणि इतर पशुधनासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,०००, आधी १०,०००. म्हणजे चाकणच्या बाजारात १२,००० रुपयांना गेली असती अशी शेळी बिबट्याने नेली, तर मालकाला ९,००० मिळतात. उरलेले ३,००० आणि तिचं पुढचं दूध त्याने सोसायचं. आई गेल्यावर दुधाविना मरणारं करडू तर हिशेबातच येत नाही. ज्या भागात बैलगाडा शर्यतीचं वेड आहे, त्या खेड-जुन्नर-भोसरी पट्ट्यात शर्यतीच्या खिल्लार बैलाला लाखोंनी पैसे मोजले जातात. त्याच्यासाठीही ७०,००० हीच कमाल रक्कम आहे.

बिबट्याचा खरा आहार काय आहे, हेही इथे सांगायला हवं. शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात अत्रेय यांच्या गटाने बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळी रात्री कोंडलेली असते, राखलेली असते. कुत्रं मोकळं असतं. वस्तीवरच्या राखणदार कुत्र्यावर भरपाई नाही. धनगराच्या वाड्यावर तर चांगला कुत्रा दहा मेंढ्यांइतका मोलाचा असतो आणि बिबट्याच्या तोंडी तोच आधी जातो.

धनगराची गोष्ट निराळीच आहे. पारनेर, शिरूरकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन पश्चिमेकडे, मावळ आणि कोकणाच्या वाटेला लागतात. खेड-चाकणच्या माळावर, कापणी झालेल्या शेतात त्यांचा मुक्काम पडतो. मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावतात आणि तिच्याशेजारी माणसं उघड्यावर झोपतात. रात्री मेंढी गेली तर पंचनामा त्या गावच्या हद्दीत व्हायला हवा, पण कळप दुसऱ्या दिवशी तिथे नसतो. थांबला तर चारा नाही आणि शेतमालकाशी ठरलेले दिवसही संपलेले. दप्तर एका जागी बसलेल्या माणसासाठी बनलेलं आहे, चालणाऱ्यासाठी नाही. त्यामुळे ज्याचे प्राणी सर्वांत उघड्यावर असतात त्याच्याच अर्जाची शक्यता सर्वांत कमी. मला हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला या लोकांवर बिबट्याहून मोठं संकट आलं. अवकाळी पाऊस रात्रभर कोसळला, गार वारं सुटलं आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड, मावळ भागात उघड्यावरच्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. सकाळी वाघरीच्या आत मेंढ्यांचे ढीग होते. या वेळी खातं बदललं, वनविभागाचा संबंध संपला आणि प्रकरण महसूल आणि पशुसंवर्धनाकडे गेलं. आपत्ती मदतीच्या तेव्हाच्या निकषांत मेंढी-शेळीला ३,००० रुपये आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लहान जनावरांची मर्यादा होती. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्राने निकष सुधारले, तेव्हा मेंढीचे ४,००० झाले. म्हणजे त्या वर्षी एकच मेंढी बिबट्याच्या तोंडी गेली तर १५,०००पर्यंत आणि पावसाने मेली तर ४,०००. धनगराला बाजारातून नवी मेंढी आणायची आहे, ती एकाच भावाने.

त्याच २०२२च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग आला. जळगाव जिल्ह्यातून सुरुवात होऊन काही आठवड्यांत तो राज्यभर पसरला. सप्टेंबरमध्ये गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. सरकारने लसीकरण विनामूल्य केलं आणि लम्पीने दगावलेल्या जनावरांसाठी मदत जाहीर केली: गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. हे आकडे आपत्तीच्या जुन्या निकषांतलेच होते. दिवसाला पंधरा-वीस लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या मालकाला ३०,०००मध्ये तिच्या जागी दुसरी गाय आणता येत नव्हती. तरीही या मदतीचा एक मोठा उपयोग झाला, असं मी मानतो. रोग लपवायचं कारण कमी झालं. जनावर आजारी आहे हे सांगितलं तर मदत मिळते, हे कळल्यावर माणूस डॉक्टरला बोलावतो. नाही तर तो आजारी गाय मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो आणि रोग तिच्याबरोबर पुढच्या गावी जातो.

हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेत गुरं पाळणाऱ्यांसाठी २००८च्या शेती कायद्याने पशुहानीची सरकारी योजना आली. तिचा दरही बाजारभावाच्या ७५ टक्केच ठेवला होता. पाव भाग मालकाने सोसावा, म्हणजे तो राखण नीट करील, हा विचार दोन्हीकडे असावा. यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे परत आणले, त्याच्याही आधी, १९८७ पासून, डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ या संस्थेने लांडग्याने मारलेल्या गुरांची भरपाई स्वतःच्या निधीतून द्यायला सुरुवात केली होती. लांडगे हवे असलेल्यांनी त्यांची किंमतही उचलावी, असं तिचं म्हणणं होतं. स्वीडनने १९९६ पासून याहून वेगळा मार्ग धरला. तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी समूहांना मेलेल्या जनावरामागे पैसे मिळत नाहीत. त्यांच्या रानात लिंक्स आणि वोल्व्हरिन यांची किती पिलावळ झाली यावर मिळतात. मढं शोधायला नको, पंचनामा नको आणि श्वापद जगलं तर समूहाचा फायदा. जुन्नरच्या उसात हे जसंच्या तसं बसणार नाही, कारण इथे चराऊ रान समूहाचं नाही, शेती एकेकाची आहे. पण वर्षाला ठरावीक रक्कम बिबट्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या ग्रामपंचायतीला आणि त्या हद्दीत उतरणाऱ्या मेंढपाळांना द्यावी, तिच्यातून बंदिस्त गोठे आणि सौरदिवे व्हावेत, ही कल्पना इथेही करून बघण्यासारखी आहे.

आपल्याकडे बदल झाला तो २०२३ साली. तोवर भरपाई शासन निर्णयांवर चालत होती, सरकारच्या मर्जीवर. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. त्यात मुदत ३० दिवसांची आणि उशीर झाला तर व्याज. रकमेच्या वाढीपेक्षा ही मुदत मला मोलाची वाटते. शेळी गेली त्याच महिन्यात ९,००० मिळाले तर घरात दुसरी शेळी येते. वर्षाने मिळाले तर ते उधारी फेडण्यात जातात. त्याच वर्षी माणसाच्या मृत्यूची भरपाई २५ लाख झाली.

बिबटे तोवर कारखान्यांपर्यंत पोचले होते. २१ मार्च २०२२ला चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात बिबट्या शिरला. काम थांबलं, कामगार बाहेर काढले गेले आणि सुमारे सहा तासांनी वनविभागाने आणि माणिकडोहच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून नेलं. देशभर बातमी झाली. त्या आठवड्यात खेड तालुक्यात ज्यांच्या शेळ्या गेल्या असतील त्यांची बातमी कुठे आली नाही.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुलं होती. लोकांनी वनविभागाची गाडी जाळली, मंचरला नाशिक महामार्ग अडवला. शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशेब मांडला: चार माणसं गेली तर सरकार एक कोटी भरपाई देतं, त्याऐवजी एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबटे वस्तीकडे येणार नाहीत. उसातच जन्मलेला बिबट्या जंगलातल्या शेळ्यांसाठी ऊस सोडून जाईल, यावर माझा विश्वास बसत नाही; २००१ ते २००३चा अनुभव उलटंच सांगतो. पण त्या हिशेबातली एक गोष्ट मला मोलाची वाटली. या शेळ्या सरकारला बाजारातूनच घ्याव्या लागतील, आणि बाजारात कोणी पाऊण भावाने शेळी देत नाही. बिबट्यासाठी विकत घ्यायच्या शेळीला पूर्ण भाव मोजायची तयारी असेल, तर तोच पूर्ण भाव वस्तीवरच्या आणि धनगराच्या वाड्यावरच्या मेलेल्या शेळीला द्यावा, तीस दिवसांच्या आत द्यावा, आणि कळप पुढच्या गावी गेला असेल तर पंचनाम्याचा कागदही कळपामागे त्या गावी जावा.